‘एकच सर्व्हिस पक्की करा’ हा सल्ला मुलांना देऊ नका

बॅडमिंटनची उन्हाळी शिबिरं सुरू झाली की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मोठे खेळाडू फक्त बॅकहँड शॉर्ट सर्व्हिस (जाळीच्या जेमतेम पलीकडे पडणारी) करतात, सर्व्हिसवर गुण मिळत नाही, फ्लिक (शॉर्टचा आव आणून शटल मागे उडवणारी सर्व्हिस) ही फसवाफसवी आहे, शटल कमरेखाली ठेवावं लागत असल्याने लहान मुलांना वेगवेगळ्या सर्व्हिस जमतच नाहीत; तेव्हा एकच पक्की करा, असा त्याचा सूर. जुळे सोलापूरपासून कुमठा नाक्यापर्यंत पालक या मेसेजच्या जोरावर प्रशिक्षकांशी वाद घालतात. नुकसान मुलांचं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोठे खेळाडू फक्त शॉर्ट करतात, हे अर्धवट आहे. दुहेरीत आणि पुरुष एकेरीत शॉर्ट जास्त, हे खरं. पण महिला एकेरीत फोरहँडने उंच, खोल सर्व्हिस आजही सर्रास दिसते, पी. व्ही. सिंधूचा कुठलाही जुना सामना काढून बघा. आणि दुहेरीतली शॉर्ट सर्व्हिस टिकते ती फ्लिकच्या धाकावर. जाळीपासून १.९८ मीटरवर शॉर्ट सर्व्हिसची रेषा असते. सर्व्हिस घेणारा तिच्या मागे पाऊल रोवून, रॅकेट वर धरून, पुढे झुकून उभा राहतो. फक्त शॉर्टच येणार हे त्याला कळलं की शटल जाळीवरून येताच तो झडप घालतो आणि गुण घेऊन जातो. फ्लिकमध्ये उभं राहणं तेच, रॅकेट मागे नेणंही तेच. अगदी शेवटच्या क्षणी अंगठा आणि बोटं ग्रिपवर आवळतात आणि शटल त्याच्या डोक्यावरून मागे जातं. दुहेरीत मागची सर्व्हिस रेषा शेवटच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत असते, त्यामुळे इथे ताकदीपेक्षा माप महत्त्वाचं. अशा दोन फ्लिक बसल्या की समोरच्याच्या पुढच्या पायाकडे बघा. आधी तो चवड्यावर होता, आता टाच टेकलेली असते. पुढची शॉर्ट सर्व्हिस त्या टेकलेल्या टाचेमुळे वाचते.

ही फसवाफसवी असती तर नियमांनी रोखली असती. नियमांचा आग्रह वेगळ्या गोष्टींवर आहे: रॅकेट एकदा पुढे निघाली की मध्ये थांबता कामा नये, दोन्ही पाय जमिनीला टेकून स्थिर हवेत, रॅकेट आधी शटलच्या बुचाला लागली पाहिजे. वेग बदलायला मनाई नाही. बंदी आली ती शटलला विचित्र गिरकी देणाऱ्या सर्व्हिसवर: १९८० च्या दशकात मलेशियाच्या सिदेक बंधूंच्या, आणि २०२३ मध्ये बोटांनी शटल फिरवून सोडण्याच्या. फ्लिकचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कमरेचा मुद्दा तर जुना झाला. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत फटका बसताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं की झालं. १.३० मीटर उंचीच्या मुलाच्या बाबतीत ही रेघ जवळपास हनुवटीशी येते. म्हणजे अडचण उंच खेळाडूंची, बुटक्या पोरांची नव्हे! स्थानिक स्पर्धेत कमरेचाच नियम लावणार आहेत का, एवढं आयोजकांना आधी विचारून घ्या.

थेट सर्व्हिसवर गुण क्वचितच मिळतो, हे मान्य. पण २००६ पासून प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असली तरी, गुण आहे. पूर्वी चुकलेल्या सर्व्हिसवर नुसती सर्व्हिसची पाळी जायची, आता गुणही जातो.

आणि आपल्याकडचं ऊन या मेसेजमध्ये कुठेच नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या हॉलमध्ये हवा तापून विरळ होते आणि शटल लांब पळतं. डिसेंबरात मागच्या रेषेवर पडणारी उंच सर्व्हिस मेमध्ये तेवढ्याच ताकदीने मारली तर सरळ बाहेर जाते. प्लॅस्टिकच्या शटलवर बहुधा रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. उन्हाळ्यात हिरवी घ्या. तीही चाचपून घ्या: शेवटच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेलं शटल समोरच्या शेवटच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर आत पडलं, तर वेग योग्य. ज्या मुलाच्या हाताला एकच लांबी माहीत आहे, त्याला हा फरक सांगून समजत नाही. लांब-आखूड दोन्ही मारणारा चार शटलांत हात जुळवून घेतो.

वेळेचं म्हणाल, तर शिबिरात कोर्ट कमी आणि मुलं जास्त, हे खरंय. पण सर्व्हिसच्या सरावाला जोडीदार लागत नाही, जुनी पिसं झडलेली शटलंही शॉर्टला चालतात. आधी फोरहँडने उंच सर्व्हिस, कारण तिच्यात खांदा आणि मनगट मोकळं होतं. मग बॅकहँड शॉर्ट. ती जाळीला घासून जायला लागली की त्याच पवित्र्यातून फ्लिक. सपाट, वेगवान ड्राइव्ह सगळ्यात शेवटी शिकवावी, कारण थोडी वर राहिली तरी ती उलटून अंगावर येते.