गच्चीवरून पूर बघणाऱ्याचं उत्तर

नाशिकचा २००८चा पूर आणि पाड्यांवरचं नुकसान यांचा संबंध हवामानबदलाशी जोडणाऱ्या माझ्या परवाच्या लेखाखाली ‘गंगाकाठचा’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं थोडक्यात असं: गंगेला (म्हणजे आमच्या गोदावरीला) पूर पूर्वीपासून येतात, १९६९चा तर याहून मोठा होता, गंगापूर धरणाचा विसर्ग आणि पात्रातलं काँक्रीट सोडून सगळं हवामानबदलाच्या माथी मारू नका, गोदावरीच्या उगमाच्या ब्रह्मगिरीला हिमालयाच्या पंगतीला बसवू नका, २००८चा पूर ऑगस्टचा नव्हे, सप्टेंबरचा. आणि शेवटी, “गच्चीवरून पूर बघणाऱ्यांनी पाड्यांवरच्या लोकांचा कळवळा आणू नये.”

तारखेची चूक माझीच. १९ सप्टेंबर २००८. लेखात दुरुस्ती केली, आभार.

आता गच्ची. साहेब, त्या दिवशी आमचं दुकान भांडीबाजारात होतं. ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात, त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय असं कळलं, तेव्हा वडील म्हणाले, “अजून छाती बाकी आहे.” पुढे छाती गेली, डोकं गेलं आणि दुकानही गेलं. पाणी ओसरल्यावर तांब्याच्या घागरींतला गाळ आम्ही उलथन्याने खरवडून काढला. काठाच्या दुमडीत तो बसला की निघत नाही. आई चिंच-मीठ लावून घासायची आणि बोटांच्या चिरांत चिंच झोंबली की हात झटकायची. हे कुठल्या गच्चीवरून दिसतं, ते तुम्हीच सांगा.

पाड्यांचंही तेच. माझं आजोळ त्र्यंबकच्या अलीकडे, ब्रह्मगिरीच्या उताराला. मामा सांगतो, पूर्वी आठ-आठ दिवस झड लागायची, पाणी मुरायचं. आता महिन्याचा पाऊस एका रात्रीत ओततो. २०१९च्या ऑगस्टमध्ये भाताची आवणी झालेलं खाचर एका ओहळाने मुरूम-दगडांखाली गाडलं. गंगापूर धरण तिथून खाली आहे हो! विसर्गाचा दोष मामाच्या खाचराला कसा लावायचा?

माझ्या मामावर विश्वास नसेल तर हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७चा अभ्यास वाचा. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, हे तर शाळेतल्या पोरालाही समजावता येईल. ब्रह्मगिरीवर हिमनदी नाही, केदारनाथच्या वर २०१३मध्ये फुटलं तसं चोराबाडी सरोवरही नाही, एवढं मलाही कळतं. पण २०१४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर आला, तेव्हा तिथे कुठली हिमनदी होती?

१९६९ आणि काँक्रीट यांवर पुन्हा कधीतरी. टोपणनावाआडून टोमणे मारणाऱ्याला सगळीच उत्तरं एका बैठकीत द्यायला मी बांधील नाही.

आणि हो, गच्ची आहे आमच्याकडे. पुरानंतर घर बदललं तेव्हाची. पुरातल्या त्या घागरींतली एक तिथेच ठेवलीय, तुळस लावून.