बारसे की वर्णन? क्रेफिशच्या नव्या प्रजातींवरील आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

‘चेरॅक्स स्नोडेन’ या इंडोनेशियातील क्रेफिशवरचा (क्रेफिश म्हणजे शेवंडीसारखा दिसणारा, गोड्या पाण्यातला नांग्यांचा प्राणी) माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने खोडूनही काढलात, याबद्दल आभार. आपल्या प्रतिक्रियेचा आशय थोडक्यात असा : शोभेच्या माशांच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या प्राण्याच्या नांग्यांची टोके नारिंगी दिसली म्हणून त्याला वेगळी प्रजाती ठरवायचे, गाजलेल्या माणसाचे (इथे अमेरिकी सरकारची गुपिते उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांचे) नाव देऊन वर्तमानपत्रांत जागा मिळवायची आणि डीएनएमधल्या थोड्याशा फरकाचा शिक्का मारून मोकळे व्हायचे, हे शास्त्र नसून बारसे आहे. अमेरिकेसारख्या पिंजून काढलेल्या देशात ‘नवी’ प्रजाती म्हणजे जुन्याच प्रजातीचे तुकडे असतात, असेही आपण म्हटले आहे.

रंगाविषयीचा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातली चूक माझी आहे, संशोधकांची नाही. ‘नारिंगी टोकांवरून ही प्रजाती ओळखता येते’ असे वाक्य मी लिहिले होते, आणि ते तसे लिहायला नको होते. क्रेफिशचा रंग आहार, अधिवास आणि कात टाकण्याची वेळ यांनुसार बदलतो, आणि नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की बराचसा उडून जातो. जे लक्षण बाटलीत टिकत नाही त्यावर वर्णनाची सगळी भिस्त ठेवता येत नाही. क्रिस्टियान लुकहाउप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ही प्रजाती प्रसिद्ध केली, तेव्हा तिची तुलना ‘चेरॅक्स होल्थुइसी’ या सर्वांत जवळच्या दिसणाऱ्या प्रजातीशी केली होती. त्यात रंग होता, पण शरीराचा आणि नांग्यांचा आकार होता आणि डीएनएची तुलनाही होती. बाजारात ‘ऑरेंज टिप’ म्हणून खपणारा हा प्राणी पश्चिम पापुआतील केपाला बुरुंग द्वीपकल्पावरच्या नेमक्या कोणत्या परिसरातून येतो, हेही त्यांनी नोंदवले. आपला खरा मुद्दा इथे लागू पडतो : दुकानातून आणलेल्या आणि मूळ ठिकाण ठाऊक नसलेल्या प्राण्यावर उभे केलेले वर्णन लंगडेच राहते.

मग क्रेफिशचा अभ्यासक नेमके पाहतो तरी काय? उत्तर अमेरिकेतील बहुतेक क्रेफिश ज्या कँबॅरिडी कुळात मोडतात, त्यात नराच्या उदराखालची पायांची पहिली जोडी वीर्य पोहोचवण्यासाठी बदललेली असते. तिला गोनोपॉड म्हणतात, आणि तिच्या टोकाची ठेवण ही ओळखीची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते. (आपल्या सह्याद्रीतील गोड्या पाण्याच्या खेकड्यांचे वर्णन करतानाही नराचे गोनोपॉड असेच भिंगाखाली पाहिले जातात.) पण इथे एक पेच आहे. या कुळातील प्रौढ नर दोन रूपांत आढळतो. प्रजननकाळात गोनोपॉडची टोके कठीण आणि रेखीव असतात. तो काळ सरल्यावर नर कात टाकतो आणि तीच टोके मऊ, बोथट होतात. ही दोन रूपे एकाच प्राण्याची आलटून पालटून येणारी अवस्था आहे, हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर फॅक्सन यांनी 1884 मध्ये दाखवून दिले. म्हणून हातात केवळ बिनहंगामी नर किंवा पिल्ले असतील, तर जाणता अभ्यासक प्रजातीचे नाव सांगायचे टाळतो आणि योग्य ऋतूत पुन्हा ओढ्यावर जातो. बारशाची घाई असणारा माणूस एवढा थांबत नाही.

आता ‘तुकड्यां’विषयी, कारण माझ्या मते आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. याच फॅक्सन यांनी 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका क्रेफिशचे उपप्रजाती म्हणून वर्णन केले. पुढे ती ‘कँबॅरस व्हेटेरानस’ ही स्वतंत्र प्रजाती मानली गेली. गायंडॉट आणि बिग सँडी या दोन शेजारच्या नदीखोऱ्यांतील प्राणी कितीतरी वर्षे याच एका नावाखाली मोजले जात होते. 2014 मध्ये थोमा, लॉफमन आणि फेट्झनर यांनी बिग सँडी खोऱ्यातील प्राण्यांना ‘कँबॅरस कॅलेनस’ हे वेगळे नाव दिले. डोक्याच्या पुढची सोंड अधिक अरुंद व लांबट, नांग्याही अरुंद व लांबट, आणि नांगीच्या न हलणाऱ्या बोटाच्या बुडाशी असणारा ठळक खळगा इथे नाही, हे त्यांनी नोंदवलेले शारीरिक फरक. शिवाय डीएनएचा पुरावा. (गंमत अशी की ‘कॅलेनस’ म्हणजे निळसर हिरवा. नाव रंगावरून असले, तरी निवाडा रंगावर नाही.)

याला आपण तुकडे पाडणे म्हणाल, तर त्यातून काय उघड झाले तेही पाहावे. खाणकाम, वृक्षतोड आणि ओढ्यांतून धावणारी वाहने यांमुळे या डोंगरांतला गाळ पाण्यात उतरतो, दगडांखालच्या फटी बुजवतो आणि क्रेफिशला लपायला जागा उरत नाही. दोन्ही खोरी एकाच नावाखाली असेपर्यंत चित्र बऱ्यापैकी वाटत होते, कारण एकीकडची घट दुसरीकडच्या संख्येत झाकली जात होती. नावे वेगळी झाल्यावर दिसले की मूळ ‘व्हेटेरानस’ आता वेस्ट व्हर्जिनियातील वायोमिंग काउंटीत, पिनॅकल क्रीक आणि क्लिअर फोर्क या दोनच प्रवाहांत उरला आहे. 2016 मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने त्याला ‘संकटग्रस्त’ आणि ‘कॅलेनस’ला त्याखालच्या ‘धोक्यात आलेली’ या वर्गात संरक्षण दिले.

आणि पिंजून काढलेल्या देशातही सगळेच तुकडे नसतात. टेनेसीतील शोल क्रीक हा ओढा जीवशास्त्रज्ञ दशकानुदशके धुंडाळत आले होते. तिथेच एका मोठ्या चपट्या दगडाखाली, आसपासच्या क्रेफिशच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा आणि स्पृशांवर दाढीसारखे केस असलेला ‘बार्बिकँबॅरस सिमन्सी’ सापडला. टेलर आणि शूस्टर यांचे त्यावरील वर्णन अलीकडचे, एकविसाव्या शतकातले आहे. मोठे दगड उलथायला जड असतात, हे त्यामागचे एक साधे कारण असावे, असा माझा तर्क आहे.

डीएनएच्या बाबतीत मात्र मी आपल्याइतका, किंबहुना आपल्याहून अधिक साशंक आहे. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा सर्वमान्य आकडा नाही. क्रेफिशमध्ये तर मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील) जनुकाच्या जुन्या, निकामी प्रती केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात. त्या चुकून वाचल्या गेल्या तर एकाच प्रजातीच्या अनेक प्रजाती भासतात, हे 2008 मध्ये क्रेफिश आणि नाकतोड्यांवरच्या अभ्यासातून दाखवले गेले. म्हणूनच संग्रहालयातला नमुना अपरिहार्य ठरतो. आपल्यासारख्या शंकेखोराला उद्या तोच प्राणी बाटलीतून काढून स्वतः मोजता आला पाहिजे आणि ‘ही प्रजाती वेगळी नाही’ असे पुराव्यानिशी छापता आले पाहिजे. वर्णन आणि बारसे यांत मी फरक करतो तो इथे.

स्नोडेन यांच्या नावाबद्दल मी वाद घालणार नाही. नियम कोणाच्याही नावाला मुभा देतात, आणि आवडनिवड ज्याची त्याला. पण नामकरणाचे नियम निव्वळ उपचार नव्हेत. 1990 च्या दशकात जर्मनीतील हौशी पाळणाऱ्यांच्या टाक्यांत उगवलेल्या ‘मार्बल्ड क्रेफिश’मध्ये सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय पिल्ले होतात. 2010 मध्ये त्याला ‘फॉर्मा’ म्हणजे केवळ एक रूप या दर्जाचे नाव सुचवले गेले. परंतु 1960 नंतर अशा दर्जाने दिलेली नावे प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता ग्राह्य धरत नाही. मादागास्करच्या भातखाचरांपर्यंत पसरलेला हा प्राणी त्यामुळे 2017 पर्यंत संहितेच्या दृष्टीने बेनामीच होता. त्या वर्षी फ्रँक लायको यांनी ‘प्रोकँबॅरस व्हर्जिनॅलिस’ म्हणून त्याचे रीतसर वर्णन केले. त्याच्या पेशीत 276 गुणसूत्रे असतात, तर ज्या प्रजातीपासून तो निघाला तिच्यात 184. ‘एकमेकांत प्रजनन होते का’ ही प्रजाती ठरवण्यासाठी आपण सुचवलेली कसोटी अशा नरहीन प्राण्याला लावायची तरी कशी?

शेवटी शब्दाविषयी. क्रेफिशऐवजी ‘गोड्या पाण्यातली शेवंड’ म्हणावे ही आपली सूचना मोहात पाडणारी आहे. पण आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला नांग्या नसतात, आणि क्रेफिशचा अर्धाअधिक अभ्यास नांग्यांवरच चालतो. तेव्हा तूर्त परका शब्दच ठेवतो. नारिंगी टोकांविषयीचे ते वाक्य मात्र लेखातून काढले आहे, आणि तिथे तळटीप म्हणून आपला आक्षेप जसाच्या तसा दिला आहे.