परक्या शहरातील न्यायालय परत करू पाहणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

सुज्ञ वाचकहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तुम्ही जाणताच. पण दुसऱ्याच्या देशात तुमची वसाहत असेल, तिथले कोर्ट तुमच्या ताब्यात असेल आणि घरमालक ते परत मागू लागला असेल, तर ती पायरी उतरावी कशी, याचे शास्त्र वेगळे आहे. ते शिकायचे तर चीनमधील शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीसारखी, म्हणजे त्या शहराच्या परकीयांनी चालवलेल्या भागासारखी, दुसरी पाठशाळा नाही.

मुळात कोर्ट हाती यावे कसे, ते पाहा. १८६४ मध्ये तिथे मिश्र न्यायालय सुरू झाले. १८६९ च्या नियमांप्रमाणे न्यायाधीश चिनी, आरोपी किंवा प्रतिवादीही चिनी. परकीयांचा संबंध असलेल्या खटल्यातच त्यांचा असेसर, म्हणजे सहायक न्यायाधीश, शेजारी बसणार, इतकेच. तुम्हीही असेच शेजारी बसावे आणि यजमानाच्या घराला आग लागण्याची वाट पाहावी. १९११ मध्ये चीनमध्ये क्रांती झाली, जुने अधिकारी पांगले आणि न्यायदान खंडित होऊ नये या उदात्त हेतूने कॉन्सल मंडळींनी, म्हणजे शहरातल्या परकीय देशांच्या वकिलातींच्या प्रमुखांनी, न्यायाधीशांच्या नेमणुका स्वतःकडे घेतल्या. व्यवस्था अर्थातच तात्पुरती होती. ती पंधरा वर्षे टिकली.

यजमान कुरकुर करू लागला, की नकार मुळीच देऊ नये, आयोग नेमावा. वॉशिंग्टन परिषदेत ठरलेला असा आयोग १९२६ च्या जानेवारीत पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) बसला आणि चिनी कायदे, कोर्टे व तुरुंग तपासून सप्टेंबरात या निष्कर्षाला आला, की चीनने आधी सुधारणा कराव्यात, मग परकीयांच्या खास अधिकारांचे, म्हणजे चिनी कोर्टांऐवजी आपापल्या देशाच्या कोर्टापुढेच उभे राहण्याच्या सवलतीचे, पाहता येईल. अध्यक्ष शिकागोचे वकील सायलस स्ट्रॉन होते. चीनतर्फे वांग चोंगहुई बसले होते. त्यांनी जर्मन नागरी संहितेचे इंग्रजी भाषांतर केले होते आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर उपन्यायाधीश म्हणून त्यांची निवड झाली होती. अशा गृहस्थांसमोर त्यांच्या देशाला कायद्याची समज येण्यास अद्याप अवकाश आहे, असे गंभीर मुद्रेने म्हणता यावे, ही राजनयाची खरी परीक्षा असते. (प्रस्तुत लेखक तिच्यात नापास झाला असता.)

तरीही कधी तरी काही द्यावेच लागते. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रोडवर वसाहतीच्या पोलिसांनी, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून शीख आणि चिनी शिपायांनी, निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. देशभर संप व बहिष्कार पेटले, तेव्हा वाटाघाटींना अचानक गती आली. अशा वेळी करार कोणाशी करावा, हे महत्त्वाचे. मिश्र न्यायालय परत करण्याचा ३१ ऑगस्ट १९२६ चा करार केंद्र सरकारशी झाला नाही; तो जिआंगसू प्रांताच्या, म्हणजे सेनापती सुन छुआनफांग यांच्या राजवटीशी झाला, आणि सात महिन्यांच्या आत ती राजवटच शांघायमधून गेली.

आता खरी मख्खी. न्यायाधीश परत करावा. तुरुंग आणि पोलीस करू नयेत. १९०५ मध्ये एका विधवेला कोणत्या कोठडीत ठेवायचे यावरून चिनी न्यायाधीश व ब्रिटिश असेसर भांडले आणि शहरात दंगल उसळली. किल्ल्या कोणाकडे असाव्यात हे तेव्हाच कळायला हवे होते. म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी मिश्र न्यायालयाच्या जागी हंगामी न्यायालय उघडले, तरी समन्स बजावणारे पोलीस वसाहतीचेच राहिले आणि शांतता-सुव्यवस्थेच्या फौजदारी खटल्यांत कॉन्सलचा प्रतिनिधी बसून आक्षेप नोंदवू शकत होता. ‘हंगामी’ हा शब्द कागदावर असला, की समोरच्याला धीर येतो आणि तुम्हाला वेळ मिळतो.

वेळ पुरेसा मिळाला. १९३० च्या करारान्वये विशेष जिल्हा न्यायालय आले, प्रतिनिधी गेले, पण मतभेद निघाल्यास तोडगा काढायला दोन चिनी व दोन परकीय गृहस्थ नेमून ठेवले. मुदत तीन वर्षांची. ती १९३३ मध्ये आणखी तीन वर्षांनी वाढवली. मात्र हे सारे चिनी प्रतिवादींपुरते. ब्रिटिशांचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालय आणि अमेरिकनांचे न्यायालय त्याच शहरात पूर्ववत चालू होते, कारण सगळे एकदम द्यायचे नसते.

उरलेले द्यायची वेळही नीट साधावी. ११ जानेवारी १९४३ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने आपले खास अधिकार चीनला सन्मानपूर्वक परत केले. तोपर्यंत वसाहत एक वर्षाहून अधिक काळ जपानी सैन्याच्या ताब्यात होती.