घराच्या दोन पॉलिसी आणि गाडीवरची राख : आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपला अभिप्राय वाचल्यानंतर मी आपली संपूर्ण फाइल पुन्हा तपासली. आपल्या तक्रारी दोन आहेत. घराच्या एका पॉलिसीऐवजी आमच्या विमा एजन्सीने आपल्याला दोन घ्यायला लावल्या आणि हप्ता जवळजवळ दुप्पट झाला, ही पहिली. आणि वणवा समोरच्या डोंगरावर दिसू लागल्यावर आपण गाडीसाठी आग-राखेपासूनचे काँप्रिहेन्सिव्ह संरक्षण मागितले तेव्हा आम्ही नकार दिला, ही दुसरी. दुसऱ्या तक्रारीत आमची चूक आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

आग, धूर किंवा राख यांमुळे स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसान काँप्रिहेन्सिव्हमधूनच भरून मिळते. लायबिलिटीचा भाग दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी असतो आणि कोलिजनचा धडकेसाठी. गाडीचे कर्ज फिटल्यावर आपण काँप्रिहेन्सिव्ह बंद केले होते. वणवा जवळ आला की विमा कंपन्या त्या परिसरात नव्या पॉलिसी देणे आणि चालू पॉलिसीतील संरक्षण वाढवणे तात्पुरते थांबवतात, आणि आपला फोन आला त्या दुपारी ही बंदी लागू झालेली होती. ती उठवणे आमच्या हातात नव्हते. मात्र अशी बंदी येते हे आम्हाला ठाऊक असते, ग्राहकाला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. वसंत ऋतूत नूतनीकरणासाठी आमच्या कार्यालयातून आपल्याला फोन गेला होता. त्याच्या नोंदीत घराविषयी पानभर मजकूर आहे, गाडीविषयी एक ओळही नाही. घर वाचले तरी अंगणातल्या गाडीवर राख पडतेच, आणि गाडीला काँप्रिहेन्सिव्ह हवे का, हा प्रश्न आम्ही त्याच दिवशी विचारायला हवा होता. त्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो.

घराची गोष्ट वेगळी आहे. आपल्या आधीच्या कंपनीने नूतनीकरण करणार नसल्याचे कळवले. कॅलिफोर्नियात अशी सूचना मुदत संपण्यापूर्वी किमान ७५ दिवस द्यावी लागते, आणि तेवढ्या अवधीत आम्ही ज्या ज्या कंपन्यांसाठी काम करतो त्या सर्वांकडे विचारणा केली. सर्वांनी नकार दिल्यावर, अशा घरांसाठी शेवटचा पर्याय असलेला फेअर प्लॅन उरला. १९६८ पासून चालत आलेली ही योजना सरकारी पैशांवर चालत नाही. राज्यात मालमत्तेचा विमा विकणाऱ्या कंपन्या ती मिळून चालवतात. तिच्या मूळ पॉलिसीत आग, वीज पडणे, घरातील स्फोट आणि धूर यांपासून संरक्षण आहे. चोरी, फुटलेल्या पाइपचे पाणी, किंवा आपल्या पायऱ्यांवर पाहुणा घसरून जखमी झाल्यास येणारी जबाबदारी त्यात नाही. दुसरी पॉलिसी ही उणीव भरून काढते. फक्त फेअर प्लॅन घेतला असता तर कर्ज देणाऱ्या बँकेची आगीच्या विम्याची अट पूर्ण झाली असती आणि हप्ताही कमी बसला असता, परंतु आपले घर डोंगरात ज्या उंचीवर आहे तिथे हिवाळ्यात पाइप गोठून फुटतात आणि तो खर्च सर्वस्वी आपल्यावर आला असता. दोन्ही पॉलिसींवर आम्हाला कमिशन मिळते, ही आपली शंका खरी आहे. तरीही माझ्या स्वतःच्या घरासाठी मी हाच सल्ला घेतला असता.

हप्त्याचा दर आमच्या कार्यालयात ठरत नाही. १९८८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १०३ नुसार तो आधी राज्याच्या विमा आयुक्तांकडून मंजूर व्हावा लागतो. काही सवलत मात्र आपल्याला मागता येईल, आणि ती आम्ही आपणहून सुचवायला हवी होती. घराभोवतीची पाच फुटांची पट्टी वाळका पाला, लाकडी भुसा आणि जळणाऱ्या झुडपांपासून मोकळी असणे, छप्पर अग्निरोधक असणे, हवेच्या झरोक्यांना ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असणे, अशा कामांसाठी हप्त्यात सूट देण्याची तरतूद २०२२ च्या नियमांत आहे. आपण छप्पर बदलले आहे, असे आपल्या अभिप्रायातूनच मला समजले. आमच्या फाइलमध्ये त्याची नोंद नव्हती.

वणव्यामुळे नव्या संरक्षणावर आलेली ती बंदी आता उठली आहे. गाडीच्या काँप्रिहेन्सिव्हचा अर्ज, किती रक्कम आपल्याला स्वतः सोसावी लागेल याच्या दोन पर्यायांसह, तयार ठेवला आहे. तो पुढच्या नुकसानीसाठी आहे, या वेळी राखेमुळे गाडीच्या रंगाचे जे नुकसान झाले त्याची भरपाई त्यातून मिळणार नाही. छपराचे बिल आणि घराच्या चारही बाजूंची छायाचित्रे पाठवलीत, तर सवलतीचा अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवीन. आमच्या कामाविषयी राज्याच्या विमा विभागाकडे तक्रार करायची असल्यास आपल्या फाइलची पूर्ण प्रत, त्या फोनच्या नोंदीसह, मी स्वतः आपल्या हाती देईन.