रबर फरक खातं, बेअरिंग खात नाही

"स्टार रबराचं कपलिंग असलं की अलाइनमेंटची कटकट नाही. पट्टी लावा, बोल्ट आवळा, चालू करा." हा सल्ला सांगली-कुपवाडकडे पावसाळा संपला की हमखास फिरतो. कपलिंग म्हणजे मोटार आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा सांधा, अलाइनमेंट म्हणजे ते दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं, आणि पट्टी ती रेष बघायला कपलिंगवर धरतात. आयर्विन पुलाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की काठावरच्या पंपांच्या मोटारी वर निघतात. पाणी ओसरल्यावर त्या बसवायची घाई असते, त्यामुळे असला सल्ला लगेच पटतो.

रबर शाफ्टच्या रेषेतला फरक सांभाळतं, हे खरंच. पण कॅटलॉगमधला आकडा कपलिंग किती फरकात टिकेल ते सांगतो. बेअरिंग आणि सीलचं त्यात काही नसतं. बॉल बेअरिंगवरचा भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) ऑफसेट, म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यरेषांतलं अंतर, ०.०५ ते ०.०९ मिमीच्या आत हवा, ३००० ला त्याहून कमी. कपलिंगवरच्या झाकणाखाली (गार्ड) रबराची काळी पूड दिसली, तर आधी अलाइनमेंट बघा.

पट्टीनं एवढा फरक दिसतच नाही. शिवाय बिडाच्या कपलिंगचा बाहेरचा घेर बोअरशी (शाफ्ट बसतो त्या भोकाशी) एककेंद्री असेलच असं नाही. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा, दोन्ही हबवर (कपलिंगच्या दोन्ही अर्ध्या भागांवर) खूण करा आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवून डायल (सूक्ष्म फरक मोजणारा काटा) वाचा. वर शून्य आणि खाली ०.२० आलं, तर ऑफसेट ०.१० असतो. इथे बरेच फिटर फसतात आणि मोटारीच्या पायाखाली दुप्पट शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) घालतात.

"बोल्ट करकचून आवळले की थरथर थांबते" हे तर उलटंच आहे. मोटारीचा एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला की तिची बॉडी पिळते, फिरणारा रोटर आणि स्थिर स्टेटर यांच्यातली फट असमान होते आणि थरथर वाढते. पुरानंतर पायाखाली गाळ आणि गंज राहतोच, तो आधी खरवडा. मग चारही बोल्ट आवळून एकेका पायावर डायल लावा आणि फक्त तोच बोल्ट सैल करा. पाय ०.०५ पेक्षा जास्त उचलला, तर तेवढ्याच जाडीची शिम घाला. बोल्ट पुन्हा आवळल्याशिवाय पुढच्या पायाकडे जाऊ नका. शिम यू आकाराची, पूर्ण पायाखाली बसणारी हवी. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त नकोत. हॅकसॉ ब्लेडचे तुकडे ही शिम नव्हे! उंची जमल्यावरच मोटार आडवी सरकवा.

"नवा सेट कंपनीतून अलाइन होऊन येतो." येतो, पण क्रेननं उचलताना बेसप्लेट वाकते, तिच्याखाली ग्राउट (सिमेंटचा पातळ गिलावा) भरताना हलते. ग्राउट सुकल्यावर परत मोजायचंच.

मोटार तापून वर चढते, हे या सल्ल्यात नसतंच. २२५ फ्रेमच्या (आकाराच्या) मोटारीत पायापासून शाफ्टची उंची २२५ मिमी. पाय ते शाफ्ट हा भाग ३० अंशांनी तापला तर साधारण ०.०७ मिमी वाढतो. पंप थंड पाण्याचा असेल तर मोटार थंड असताना तेवढी खाली ठेवा.

पाइप शेवटी जोडा. फ्लॅंज आवळताना कपलिंगवरचा डायल ०.०५ पेक्षा जास्त हलला, तर पाइप ओढतोय. मोटारीला हात न लावता पाइपचा आधार सुधारा.