चेनची सुट्टी

आमच्या ऑफिसात हल्ली एक आनंद समिती आहे. आज कसला दिवस, हे ती रोज सकाळी ग्रुपवर कळवते. आमच्या घरी शिलाई मशीनपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांचा मिळून वर्षातून एकच दिवस, दसरा. एकेक झेंडूचं फूल, हळदकुंकू, की लागा परत कामाला. इथे मात्र प्रत्येकाचा वाढदिवस वेगळा.

२३ ऑगस्टला वडापावचा. अशोक वैद्यांनी १९६६ साली दादर स्टेशनबाहेर पावात वडा घातला, तेव्हापासून मुंबई तो रोजच साजरा करतेय. समितीने तो अर्धा कापून, टूथपिक टोचून दिला. असो.

१० एप्रिलला सेफ्टी पिनचा. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८४९ साली पिनेचं पेटंट घेतलं आणि पंधरा डॉलरचं कर्ज फेडायला चारशे डॉलरांत विकूनही टाकलं, असं छापलेलं कार्ड प्रत्येकाला मिळालं. त्याला एक पिन टोचलेली. मी कार्ड केराच्या टोपलीत टाकलं.

मग आला २९ एप्रिल. डोंबिवलीहून फास्ट पकडली. ठाण्याला उतरणाऱ्यांचा लोंढा अंगावरून गेला आणि एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं. डब्यात तर मोकळं वाटण्यासारखं काहीच नव्हतं. हात खाली नेला. पँटच्या चेनचा रनर हातात आला.

तेवढ्यात फोन वाजला. समिती! 'आज चेनचा दिवस! २९ एप्रिल १९१३ रोजी गिडियन सुंडबॅक यांना पेटंट मिळालं. आज आपल्या चेनला थँक यू म्हणा!' आपल्याकडे दिवस म्हटलं की सुट्टी. तिनेही तेच समजलं असणार.

पाठीची बॅग पोटावर घेऊन चालणारा माणूस सीएसएमटीला कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ऑफिसात मात्र फोटोसाठी सगळे रांगेत उभे होते, चेन असलेली एकेक वस्तू हातात धरून.

"वा, तू बॅग आणलीस!" समिती खूश. "जरा वर धर ना, चेन दिसत नाहीये."

"नको, आहे तीच ठीक आहे."

"अरे, वर! अजून वर!"

मी इंचभर वर केली. अकाउंट्समधल्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेखाली पाहिलं, आणि "ह्याच्या बिलावर सही राहिलीय" म्हणत मला दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं.

पॅसेजमध्ये येऊन त्यांनी हात पुढे केला. बांगडीत दहाबारा पिनांचा झुबका.

"काकू, एवढ्या पिना?"

"तुम्हीच टाकलेल्या. त्या दिवशी टोपलीतून एकेक वेचल्या." त्यांनी त्यातली मोठी निवडून माझ्या हातावर ठेवली. "आडवी लाव, उभी नको. टोचेल. आणि संध्याकाळी परत दे."