मत राखून ठेवले

माझे मामा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे होते, तेव्हा एका सकाळी एका सासुरवाशिणीचं प्रेत शवविच्छेदनाला आलं. फाटकाबाहेर दोन घोळके. सासरचे म्हणत होते साप चावला, माहेरचे म्हणत होते विष घातलं. घोट्याजवळ टोचल्याच्या दोन बारीक खुणा होत्या, पण त्या काट्याच्याही असू शकतील, असं मामा रात्री म्हणाले. त्यांनी व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीसाठी मिठाच्या पाण्यात घालून बरण्यांना लाखेचं सील लावलं आणि अहवालात लिहिलं, ‘मत राखून ठेवले’. दोन्ही घोळक्यांनी त्यांना शिव्या दिल्या. पैसे खाल्ले म्हणाले.

पुढे तत्त्वज्ञान वाचताना ‘एपोखे’ हा ग्रीक शब्द भेटला आणि मला मामांचं ते वाक्यच आठवलं. एपोखे म्हणजे रोखून धरणं, निर्णय राखून ठेवणं. संशयवादाची ही परंपरा पायरो या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव सांगते. हा पायरो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला होता, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लाएर्शियस सांगतो. पण या विचाराची नीट मांडणी आपल्याला मिळते ती पुष्कळ नंतरच्या सेक्स्टस एम्पिरिकसकडून, आणि तोही वैद्यच! तो सुरुवातीलाच माणसांचे तीन प्रकार सांगतो: सत्य सापडलं म्हणणारे, ते सापडणारच नाही म्हणणारे आणि अजून शोधत असलेले. संशयवादी तो तिसरा.

तिसराही प्रकार असतो, हेच लोक विसरतात. गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मारहाणीचा व्हिडिओ आला. ‘मला अजून कळलेलं नाही नेमकं काय झालं’, एवढंच मी लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘म्हणजे तू त्यांच्या बाजूची.’ व्हिडिओ अठरा सेकंदांचा होता. त्याच्या आधी काय घडलं, ते आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं.

मत राखून ठेवणं म्हणजे कुंपणावर बसणं नव्हे. सेक्स्टसच्या मते दोन्ही बाजूंची वजनं सारखी भरली, की मन थांबतं. म्हणजे आधी तराजू हातात घ्यावा लागतो. पारडं उघड झुकलेलं असताना ‘अजून नक्की नाही’ म्हणत राहणं ही लबाडी आहे. सिगारेट कंपन्यांनी कॅन्सरच्या बाबतीत कित्येक दशकं तेच केलं. आणि मत राखलं म्हणून हात बांधले जात नाहीत. भूक लागली की पायरोवादीही जेवतो, रूढी पाळतो, आपला धंदा करतो.

एका जागी मात्र माझं सेक्स्टसशी पटत नाही. तो म्हणतो, निर्णय थांबवला की मागोमाग मनःशांती येते, शरीरामागे सावली यावी तशी. मामांना ती आलेली मी पाहिली नाही. त्या रात्री ते उशिरापर्यंत ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्या मुलीची आई फाटकाशी एकटीच उरली होती, तिच्याजवळ जाऊन ते खाली जमिनीवर बसले होते. ‘मला अजून माहीत नाही, मावशी. कळलं की सांगीन.’ ती काही बोलली नाही.

त्या नमुन्याचा जावक क्रमांक त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून ठेवला होता. जिल्ह्याच्या गावी गेले, की दर वेळी ते आधी त्याची चौकशी करून यायचे.